सायकलीचे उरलेले तेवीस तास

पाच-सहा हजारांची सायकल दोन पावसाळ्यांत गंजून बसते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. दोष कुणाचा याची उत्तरेही तयार असतात. कंपनीने हलका माल वापरला, पावसाने वाट लावली, नाहीतर पोरांनी निगा राखली नाही. तिन्हींत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. शाळेला किंवा कामाला जाण्यासाठी घेतलेली सायकल दिवसातून फार तर तासभर चालते. उरलेले तेवीस तास ती कुठेतरी उभी असते. स्वस्त सायकलीचे आयुष्य रस्त्यावरच्या त्या एका तासापेक्षा या उभ्या तेवीस तासांत जास्त खर्ची पडते. त्यामुळे सायकल घेताना आपण जी घासाघीस करतो ती बऱ्याच अंशी चुकीच्या जागी करतो, असे माझे म्हणणे आहे. डोक्यावरचे छप्पर हा सायकलीचाच एक भाग आहे आणि तो भाग आपण कुणीच विकत घेत नाही.

हे तपासून पाहायला रायपूरचा बुढापारा फार उपयोगी आहे. बुढा तलावाच्या, म्हणजे आजच्या विवेकानंद सरोवराच्या काठची ही जुनी वस्ती. लहानपणीचे नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७च्या सुमारास कुटुंबाबरोबर रायपूरला राहायला आले, ते याच भागात. ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा इथेच, तलावाजवळ आहे. आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि पुढे नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत, यामुळे मराठी घरे रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या रुजली. असल्या जुन्या मोहल्ल्यात गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना चिकटलेली असतात. ओसरी असलीच तर ती मोटारसायकलने अडवलेली असते. सायकल मग भिंतीला टेकून किंवा खिडकीच्या गजाला साखळीने बांधून उघड्यावर राहते. ती थोड्या घरांची गोष्टही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५०.४ टक्के घरांत सायकल आढळली. छत्तीसगडचा आकडा होता ७०.८ टक्के, म्हणजे देशातल्या पहिल्या चार राज्यांत बसणारा. या जागेचा दुसरा उपयोग असा की समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत सायकल गंजली की खाऱ्या वाऱ्याकडे बोट दाखवता येते. रायपुरात ती सोय नाही. तरीही इथे सायकली गंजतात. म्हणजे मीठ वगळल्यावर जे कारण शिल्लक राहते, ते इथे स्वच्छ दिसायला हवे.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवतात. शाळेत सहसा सांगत नाहीत ते हे की पाणी किती पडले यापेक्षा धातू किती वेळ ओला राहिला याला महत्त्व जास्त आहे. गंजशास्त्रात हवेची आक्रमकता मोजताना म्हणूनच ‘ओलेपणाचे तास’ मोजतात. ढोबळ नियम असा की हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते ते सगळे तास ओले धरायचे, मग पाऊस पडो वा न पडो. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९३०च्या दशकात केलेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. हवा अगदी स्वच्छ असेल तर भरपूर दमटपणातही चकचकीत लोखंड फारसे बिघडत नाही, असे त्याला दिसले. त्याच हवेत ०.०१ टक्का सल्फर डायऑक्साइड मिसळला की आर्द्रतेने ६० टक्के ओलांडताच गंज एकदम उसळी घेतो. जोडीला कोळशाचे कण पृष्ठभागावर बसले असतील तर आणखीनच. त्याच्या थोडे आधी, १९२६ साली, इव्हान्स या संशोधकाने लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवले की लोखंड झिजते ते थेंबाच्या मध्याशी, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो. कडेला प्राणवायू भरपूर असतो, तिथला धातू वाचतो. सायकलीच्या बाबतीत याचा अर्थ मोठा आहे. उघड्या, वारा लागणाऱ्या नळीपेक्षा नटाखालची फट, मडगार्डच्या आतली दुमड, स्टिकरची उचकटलेली कड, ब्रेकवायरच्या नळीचे पोट या जागा लवकर जातात. पाणी तिथे शिरते, पण तिथून सुकत नाही.

आता रायपूरचे वर्ष या नजरेने पाहावे. मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. उन्हाने सायकलीचा रंग कडक आणि ठिसूळ होतो, रबर चिरते, ग्रीस पातळ होऊन निथळते आणि उरलेले सुकून बसते. उन्हाळा गंज चढवत नाही, पण गंजाला आत शिरायच्या वाटा मोकळ्या करून ठेवतो. मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, वर्षाच्या सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपासच्या पावसातला बहुतेक सगळा पाऊस पडतो. आठवडेच्या आठवडे हवा दमट राहते आणि फटीत गेलेले पाणी तिथेच बसते. इथपर्यंतचे सगळ्यांना ठाऊक असते. ध्यानात येत नाही ती हिवाळ्यातली रात्र. निरभ्र आकाशाखाली उभा असलेला धातू आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. सायकलीच्या पातळ नळ्या आणि त्याहून पातळ आरे तर झटकन गार पडतात. पहाटे त्यांच्यावर दव धरते. पावसाचा थेंब पडलेला नसतानाही डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरची सायकल सकाळी ओली सापडते ती यामुळे. आणि दव पावसासारखे धूळ धुऊन नेत नाही, धुळीचा चिखल करून तिथेच ठेवते. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे आहेत. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, कोळशाची भट्टी हे सगळे तिथे आहे. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांच्या हवेतील सूक्ष्म कणांची जी यादी काढली, तिच्यात दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेर यांच्या पाठोपाठ रायपूरचे नाव होते. कोळशाच्या धुरातला गंधकाचा अंश ओल्या लोखंडावर बसला की त्याचे लोहसल्फेट होते. ते हवेतली ओल धरून ठेवते आणि पुढे पुन्हा आम्ल सोडते. त्यामुळे तेवढाच गंधक पुन्हापुन्हा नवे लोखंड खात राहतो. समुद्राचे मीठ इथे नाही खरे, पण त्याच्या जागी हे आहे.

या सगळ्यात छप्पर काय करते? पाऊस अडवते हे उघड आहे. त्याहून मोलाचे काम म्हणजे ते सायकल आणि आकाश यांच्या मध्ये येते. वर साधा पत्रा असला, बाजू पूर्ण मोकळ्या असल्या, तरी त्याखालचा धातू आकाशाकडे उष्णता फेकून गार पडत नाही आणि दव जवळजवळ धरतच नाही. मेच्या उन्हापासून रंग आणि रबर वाचते ते निराळेच. भिंती लागत नाहीत, उलट नसल्या तर बरे, कारण मोकळा वारा ओल सुकवतो. गंजापासून बचावाचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मालच खराब असेल तर छप्पर काय करणार. माल खराब असतो हे मी नाकारत नाही. मात्र खर्च कुठे कापला जातो ते बारकाईने पाहावे. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसते तिथे तो कापला जात नाही. हँडल आणि रिम दुकानात आरशासारखे चमकतात. ती चमक क्रोमची आणि क्रोमचा तो थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनचाही नसतो. खरे संरक्षण त्याच्या खालच्या निकेलच्या थराचे असते आणि पैसा वाचवायचा तर तोच पातळ केला जातो. पातळ निकेलला सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. निकेल आणि क्रोम हे लोखंडापेक्षा गंजाला दाद न देणारे धातू. त्यामुळे छिद्रात पाणी गेले की सगळा मारा उघड्या पडलेल्या इवल्याशा लोखंडावर होतो आणि तिथला गंज उलट वाढतो. जस्ताचे नेमके उलटे असते. जस्त स्वतः आधी झिजते आणि शेजारचे लोखंड वाचवते. म्हणून जस्त चढवलेला, दिसायला मळकट पत्रा चमकत्या क्रोमपेक्षा उघड्यावर जास्त टिकतो. रंगाचेही तसेच. रंगाच्या आधी नळी नीट धुऊन तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया केली तर रंग धरून राहतो. ती पायरी उरकून टाकली तर पहिला ओरखडा पडताच गंज रंगाच्या खालून सरपटत जातो आणि पापुद्रे सुटतात. नळीच्या आतल्या बाजूला तर बहुतेक सायकलींत रंगच नसतो. सीटच्या फटीतून आलेले पाणी नळीतून उतरून पॅडलच्या एक्सलपाशी, सर्वांत खालच्या खोबणीत साचते. निचऱ्याचे भोक तिथे नसेल, किंवा असून चिखलाने बुजले असेल, तर ते पाणी ऊन पडले तरी दिवसेंदिवस तिथेच राहते.

तरीही स्वस्त सायकल फ्रेम गंजून मोडते, हा समज बराचसा चुकीचा आहे आणि तो साध्या हिशेबाने तपासता येतो. गंजाच्या आंतरराष्ट्रीय मापनात मध्यम आक्रमक हवेत उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजते. त्याच्या वरच्या वर्गात ५० ते ८०. पुढच्या वर्षांत वेग सहसा कमी होतो. रायपूरसाठी ८० धरू. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन जाडीची नळी, रंगाचा एक थेंबही नसलेली आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून झिजणारी, तरी आरपार जायला सहा वर्षांहून अधिक लागतील. पाणी साचलेल्या जागी हा हिशेब चुकेल आणि नळीची ताकद त्याआधीच घटेल, हे मान्य. पण सायकली दोन वर्षांत निकामी होतात, त्याचा उलगडा यातून होत नाही. उलगडा लहान भागांत आहे. चेनच्या एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर. तिची पिन आणि बुश मिळून सव्वाशे मायक्रॉन झिजले की चेन एक टक्का लांबली. सायकलीची चेन साधारण ११२ कड्यांची, म्हणजे एकूण लांबी एका पूर्ण कडीने वाढली. अशी चेन दात सोडू लागते आणि जाताना चक्राचे दातही खाऊन जाते. फ्रेमच्या नळीला ओरखड्याइतकी वाटणारी झीज चेनचे मरण असते. चाकातले छर्रे आणि कप-कोन यांचे गणित तर याहून बारीक. ग्रीस धुऊन गेले की गंजाचे कण छर्ऱ्यांबरोबर फिरत राहतात आणि पॉलिश केलेली वाट खरवडून काढतात. ब्रेकवायर गंजली तर तुटत नाही, नळीत अडकते. ब्रेक दाबला की तो सुटतच नाही आणि चालवणाऱ्याला वाटते सायकल जड झाली. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी फुगलेला असतो, म्हणून सीटपाइप फ्रेमच्या नळीत आणि निपल आऱ्यावर घट्ट आवळून बसतात. मुलगी उंच झाली तरी सीट वर येत नाही. चाकाचा आऊट काढायला, म्हणजे वाकडे चाक सरळ करायला घेतले तर आरा फिरण्याऐवजी तुटतो.

म्हणजे गंज सायकलीला खात नाही, तिला जखडतो. जखडलेली सायकल ओढायला जड जाते, म्हणून ती कमी वापरली जाते. जी कमी वापरली जाते ती जास्त उभी राहते आणि जास्त गंजते. शेवटी चेन, फ्रीव्हील, दोन्ही ब्रेकवायर, छर्रे आणि टायर एकदम बदलायची पाळी येते. हा खर्च आणि मजुरी मिळून सायकलीच्या किमतीच्या इतकी जवळ जाते की माणूस ती भंगारात देतो. फ्रेम तेव्हाही धडधाकट असते. या साखळीतले जवळजवळ सगळे दुवे उभ्या तासांतले आहेत, म्हणून छपराचा परिणाम मोठा.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा, आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. पूर्वीच्या काळ्या सायकली तीस-तीस वर्षे उघड्यावर राहिल्या, त्या कशा टिकल्या? काही अंशी त्या खरोखरच दणकट होत्या. वीस किलोच्या घरातले वजन, जाड नळ्या, भट्टीत पक्का केलेला काळा रंग, चेन झाकणारे पूर्ण कव्हर आणि वायरऐवजी सळ्यांचे ब्रेक. सळी उघडी असते, तिच्या पोटात पाणी साचायला जागाच नसते. आणखी एक गोष्ट अशी की आज आपल्याला दिसतात त्या टिकलेल्या सायकली. ज्या गेल्या त्या कधीच भंगारात वितळल्या, त्यांची आठवण कुणी काढत नाही. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती घरातली मोलाची वस्तू होती. रात्री ती ओसरीत किंवा जिन्याखाली जाई, दर काही दिवसांनी तिला तेल मिळे आणि पावसाळा संपला की ओव्हरहॉलिंग ठरलेले. जुन्या सायकलीचे दीर्घायुष्य हा माझ्या म्हणण्याला दिलेला धक्का नसून त्याचाच पुरावा आहे. मालाइतकेच तिचे उभे तास चांगले होते. आज ओसरी मोटारसायकलने घेतली आणि सायकल बाहेर पडली.

मग प्लास्टिकचे कव्हर घालावे, असे सुचवले जाते. रात्रभर हवाबंद झाकलेल्या सायकलीखाली जमिनीची ओल वर चढते आणि आतल्या बाजूने थेंब धरतात. घट्ट कव्हर पुष्कळदा ओलेपणाचे तास कमी करण्याऐवजी वाढवते. झाकायचेच असेल तर खालून मोकळे, वारा खेळेल असे झाकावे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे उत्तर महाग आहे आणि निष्फळही, कारण चेन, आरे, छर्रे आणि वायर त्या सायकलीतही पोलादाचेच असतात.

हा प्रश्न खासगी राहत नाही तो सरकारी योजनांमुळे. छत्तीसगडची सरस्वती सायकल योजना नववीतल्या मुलींना सायकल देते. बिहारने अशी योजना २००६ साली सुरू केली आणि तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. एका सायकलीने मुलीची शाळा टिकते, हे इतके स्पष्ट दिसले असताना ती सायकल चार वर्षे टिकावी याची तजवीज योजनेत असायला हवी. नववीत मिळालेली सायकल अकरावीत बंद पडली तर दुसरी मिळत नाही. शिवाय वाटप लांबल्याने नव्याकोऱ्या सायकली शाळांच्या मैदानात पावसात पडून गंजल्याच्या बातम्या निरनिराळ्या राज्यांतून वारंवार येतात. मुलीच्या हाती पडण्याआधीच तिच्या सायकलीचा एक पावसाळा सरलेला असतो. निविदेत किंमत असते, रंग असतो, घंटा आणि टोपली असते. शाळेत सायकल कुठे उभी राहणार याचा उल्लेख बहुधा नसतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि जागेचा. शाळेला छताला पैसे नाहीत, तिथे सायकलींना पत्रा कुठून आणायचा? एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर लागतात. तेवढ्यात दहा सायकली दाटीने बसतात. पत्रा, चार खांब आणि चाक अडकवायची सळी याचा खर्च एकदाच होतो आणि तो शेकडो मुलींच्या सायकलींत वाटला जातो. ज्या शहरापासून भिलाईचा पोलाद कारखाना तासाभराच्या वाटेवर आहे, त्या रायपुरात पत्रा मिळत नाही असे कुणी म्हणणार नाही. चांगली निविदा हवीच, जाड निकेल आणि निचऱ्याचे भोक हवेच, आणि ते मागत राहिले पाहिजे. पण ते हातात येईपर्यंत जी सायकल आहे तिचे आयुष्य वाढवणे आपल्या हाती आहे.

तेव्हा शाळा समितीवर असाल, सोसायटीच्या कमिटीवर असाल किंवा वॉर्डाच्या नगरसेवकाशी बोलणे होत असेल, तर एक मागणी आवर्जून करा: चारही बाजूंनी मोकळी, वर पत्र्याची सायकल शेड. आणि घरी सायकल असेल तर ती आज रात्री छज्ज्याखाली घ्या, भिजून आली तर चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे चार थेंब सोडा, आणि पावसाळा सुरू होण्याआधी सीटपाइप एकदा बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवा.